अण्णांची हार्डडिस्क

संगणक हळू चालतो म्हणून अण्णा कधी चिडले नाहीत. दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसा ते सीपीयूच्या डब्यावर तळहात टेकवत, डोळे मिटत आणि आतली हार्डडिस्कची घरघर ऐकत बसत.

भोरच्या कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले अण्णा आमचे शेजारी. दोन घरांत एकच भिंत. निवृत्तीनंतर आंबवड्याची थोडी शेती बघायची, असा त्यांचा बेत होता. पण काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काकू वेल्ह्याकडच्या, बोलक्या. त्यांचं बोलणं भिंतीपलीकडून मला दिवसभर ऐकू यायचं. ते एका सकाळी थांबलं.

डाव्या हातानं लिहिलेलं कुणाला लागत नसे. मोबाईलवरची अक्षरं थरथरत्या बोटाला सापडत नसत. मग किकवीला दिलेल्या त्यांच्या लेकीनं आपला जुना संगणक आणून दिला आणि काकू एका बोटानं मराठी टाइप करायला शिकल्या. पण यंत्र थकलेलं. कळ दाबली की अक्षर उशिरा उमटायचं. दाबलीच गेली नाही असं वाटून काकू पुन्हापुन्हा दाबायच्या आणि मग तीच अक्षरं ओळीनं सांडायची. त्या कीबोर्ड ढकलून देत आणि तोंड फिरवत.

अण्णा हार्डडिस्कच्या मागे लागले ते यामुळे. दुपारी काकूंना भरवून, पुसून, निजवून झालं की ते माझ्याकडे येत. मी इंटरनेटवर शोधून वाचायचं, त्यांनी ऐकायचं आणि घरी जाऊन करायचं. नको असलेले प्रोग्राम काढले. डिस्कवर विखुरलेल्या फायली डिफ्रॅग करून एकत्र आणल्या. थोडा वेळ कुणी काही केलं नाही की डिस्क आपोआप फिरायची थांबे, आणि काकू नेमका तेव्हा एखादा शब्द आठवत बसलेल्या असत. ती पुन्हा सुरू होईतो शब्द निसटलेला असे. अण्णांनी सेटिंगमध्ये जाऊन तिचं थांबणं कायमचं बंद केलं.

"मला थांबता येत नाही, मग तिनं तरी का थांबावं," एवढंच म्हणाले. हसले नाहीत.

वेग आला तशा काकू लिहू लागल्या. आधी पाणी, गोळी, पंखा; मग वेल्ह्यातलं लहानपण, नदीवरचं धुणं, आईची रागावण्याची तऱ्हा. अण्णा ते मला येऊन सांगत. त्यांना तेवढ्यावर थांबवेना. "अजून थोडं पळेल ते," असं म्हणत राहिले. शेवटी त्यांनी एक असं सेटिंग लावलं की मजकूर डिस्कवर लगेच न जाता मधेच मेमरीत राहायचा, म्हणजे काम झटपट. वीज गेली तर धोका आहे, ही सूचना आम्ही दोघांनीही वाचली होती.

वीज गेली. आल्यावर काकूंची फाइल उघडेना. अण्णा माझ्या दारात येऊन उभे राहिले, आत येईनात. "तिचं सगळं गेलं. कुठल्या तोंडानं सांगू?"

मी त्यांच्याबरोबर गेले. कॉटवर बसून त्यांनी सरळ सांगितलं, विजेला बोल लावला नाही. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचं बोट कीबोर्डवर गेलं.

"परत लिवते. तुमी आदी जेवा."

सकाळपासून अण्णांच्या पोटात काही नव्हतं. ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या दिवशी अण्णा ताटावर रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते सेटिंग काढून टाकलं. अक्षरं किंचित उशिरा येऊ लागली, पण काकूंनी कुरकुर केली नाही. वेल्ह्यातली नदी त्यांनी पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली.

दिवाळीच्या थोडं आधी, एका दुपारी, अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या गेले. काकूंना वाटलं, डोळा लागलाय. कितीतरी वेळ त्यांनी उठवलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर लेक काकूंना किकवीला न्यायला निघाली. टेम्पोत सामान चढलं होतं. मी संगणक बंद करायला गेले, तर काकूंनी हात वर करून थांबवलं आणि लिहिलं,

"ह्यांना दमलेलं लई बगितलं. कंटाळलेलं कदी न्हाई."

मी ते लेकीला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघींनी मिळून काकूंना टेम्पोत बसवलं.