वहिनींच्या माहेरी ठेवलेलं आमचं कूळ

नलिनीवहिनींना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या कुलवृत्तांत मंडळाच्या बैठकीत, आणि त्याच दिवशी त्या मला आवडेनाशा झाल्या. वहिनींच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘प्रथम परिचयापासून सुरुवात करावी’ असं कळवलं आहे, म्हणून सांगतो. तशा त्या माझ्या चुलतभावाच्या, विनायकच्या पत्नी. लग्नकार्यात नमस्कार होत असे, तेवढाच. त्या दिवशी मात्र टेलिफोन खात्यातून नुकत्याच निवृत्त होऊन त्या बैठकीला आल्या होत्या. मी मंडळाचा चिटणीस. घराण्याच्या सगळ्या शाखांचे तक्ते माझ्या हस्ताक्षरात, बारा बॉक्स फायलींत, शनिवार पेठेतल्या माझ्या घरी कपाटात. वहिनींनी फायली चाळल्या आणि विचारलं, “भाऊजी, याची दुसरी प्रत कुठे असते?”

“पुण्यात अजून तरी कुणी वंशावळी चोरत नाही, वहिनी,” मी म्हणालो. लोक हसले.

“चोरांचं नाही हो, वाळवीचं विचारतेय.” लोक आणखी हसले.

पुढच्या रविवारपासून त्यांनी धायरीच्या घरी तक्ते संगणकात घालायला घेतले. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधक होतो. त्यांनी टाइप केलेली पहिली शंभर पानं मी लाल पेन घेऊन तपासली. चार चुका सापडल्या. त्यांतल्या तीन माझ्याच तक्त्यांतल्या निघाल्या. वहिनींनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

दोन-तीन वर्षांत ‘वहिनींना विचारा’ हे मंडळाचं ब्रीदवाक्य झालं. एकदा नागपूरहून एक भाऊबंद माझ्याकडे आले, कांदेपोहे खाल्ले, दोनदा चहा घेतला आणि निघताना म्हणाले, “तेवढा नलिनीवहिनींचा फोन नंबर द्या ना.” मी दिला. एक आकडा चुकवून द्यावा असं मनात आलं होतं, हेही इथे नमूद करतो. या भावनेला गौरवग्रंथात शोभेल असा शब्द मी बराच शोधला. नाही सापडला. मी जळत होतो.

त्यांची कामाची पद्धत सांगायलाच हवी, कारण तिच्यात खोट काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. वहिनी संकष्टीला बॅकअप घेतात. उपास असतो, चंद्रोदयापर्यंत वेळच वेळ असतो, आणि तिथी विसरत नाही. अंगारकी आली की त्याहून मोठं काम: घेतलेली प्रत दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर नव्याने उतरवून पाहायची, शाखा उघडायच्या, नावं वाचायची. “परत उघडून पाहिल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नये, भाऊजी. कुलूप लावायचं आणि किल्ली लागते का ते बघायचंच नाही, असं कसं चालेल?” मला हा सगळा देखावा वाटायचा.

प्रती तीन, तिन्ही वेगळ्या घरांत. एक धायरीला, एक शनिवार पेठेत माझ्याकडे, आणि तिसरी लोणी काळभोरला वहिनींच्या भावाकडे. यावर मी भर बैठकीत उठलो. “म्हणजे आपलं अख्खं कूळ वहिनींच्या माहेरी नेऊन ठेवायचं?”

“माहेरी ठेवलेली वस्तू हरवत नाही, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “सासरचं मी सांगू शकत नाही.”

ठराव एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे मलाही हात वर करावा लागला.

आता मी या कामात का पडलो ते सांगतो. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली. आमच्या घरात तिला लक्ष्मी म्हणत, पण ते लग्नात ठेवलेलं नाव. माहेरी तिला काय म्हणत, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वडील बोलत नसत. माहेर लोणीकडचं एवढंच माहीत, आणि तिथे मामा-मावशी कुणी उरलेलं नव्हतं. ऐन तिशीत मी एकदा लोणीला जाऊन आलो. पारावर दोन माणसांना विचारलं आणि लाजून परत फिरलो. कुलवृत्तांताच्या निमित्ताने कधीतरी ते नाव सापडेल, या आशेवर मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पणज्या-खापरपणज्या गोळा करत होतो. आणि तक्त्यात सुनांसाठी ‘माहेरचे नाव’ असा स्वतंत्र रकाना हवा, ही सूचना कुणाची? वहिनींची. मला सुचायला हवी होती ती. घरोघरी जाऊन त्यांनी तो रकाना भरत आणला. माझ्या आईपुढे मात्र तो कोराच होता.

तीन वर्षांपूर्वी घराण्याच्या संमेलनाच्या तोंडावर वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मंडळाचा लॅपटॉप आणि धायरीची डिस्क अशी पिशवी पंधरा दिवसांसाठी माझ्या ताब्यात आली. मनात म्हटलं, आता दाखवतोच. माहिती परत आणायचं जे प्रात्यक्षिक संमेलनात वहिनी करतात, ते यंदा मी करणार! एका दुपारी घरी रंगीत तालीम घेतली. माझ्याकडची डिस्क लावली. ती वर्षभर जुनी होती, कारण नवी प्रत न्यायला धायरीला जायचं मी रुसून बंद केलं होतं. पडद्यावर एक ओळ आली: सध्याची माहिती पुसली जाईल, चालेल का? ज्या माणसाने जन्मभर परक्यांची प्रत्येक ओळ दोनदा वाचली, त्याने ही ओळ न वाचता ‘हो’ दाबलं. वर शिरस्त्याप्रमाणे धायरीच्या डिस्कवर ताजा बॅकअपही घेऊन टाकला.

मग सहज माझ्या पुतणीची त्या वर्षी जन्मलेली मुलगी शोधली. ती नव्हती. त्या वर्षातलं कुणीच नव्हतं. वर्षभराची माहिती मी स्वतःच्या हाताने दोन्हीकडून पुसली होती.

फोन करायला हवा होता. नाही केला. आठ दिवसांनी पिशवी धायरीला नेऊन दिली आणि म्हणालो, “सगळं ठीक आहे. मी फारसं उघडलंच नाही.”

वहिनींनी काळा चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉप उघडला. दोन मिनिटं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. भावाला फोन लावला. “दादा, मागच्या संकष्टीला दिलेली डिस्क घेऊन ये रे. हो, आजच.” मग मला म्हणाल्या, “जेवून जा, भाऊजी. मुगाची खिचडी आहे.”

दुपारी डिस्क आली आणि त्यांनी सगळं परत उतरवलं. “माझ्या डोळ्यांत थेंब घातलेत. तुम्हीच वाचून तपासा. तुमच्या शाखेपासून सुरुवात करा.” मी वाचू लागलो. आजोबा, वडील. वडिलांची पत्नी, सौ. लक्ष्मी. माहेरचे नाव: द्वारका.

पुढची ओळ मला वाचता येईना.

“संमेलनात तुम्हाला माइकवर वाचायला लावणार होते,” वहिनी म्हणाल्या. “लोणीला आमच्या आळीतल्या एक आजी, तुमच्या आईंची लहानपणीची मैत्रीण. चार महिन्यांपूर्वी भेटल्या. गेल्या महिन्यात वारल्या बिचाऱ्या.”

म्हणजे लोणीची ती एक डिस्क नसती, तर माझ्या आईचं नाव मी मत्सरापायी स्वतः पुसून बसलो असतो. आनंद झाला का? झाला. पण आधी काय वाटलं तेही लिहितो. वाटलं, हे नाव या बाईंनी का ऐकावं? त्या आजींच्या तोंडून, त्या आवाजात? चार वर्षांचा पोरका झालो तो मी, आणि त्यांच्या समोर जाऊन बसल्या या!

“तासभर बोलत होत्या हो तुमच्या आईंबद्दल,” वहिनी म्हणाल्या. “ते काही रकान्यात बसेना, म्हणून घातलं नाही. सांगू?”

“आत्ता नको,” मी म्हणालो. “बस चुकेल माझी.” दुपारचे तीन वाजले होते. सिंहगड रस्त्यावर बसगाड्यांना काय तोटा?

संमेलनात वहिनींनी अहवाल वाचला: ‘वर्षभराची माहिती चुकून पुसली गेली होती, ती परत मिळवण्यात आली आहे.’ कुणाकडून पुसली गेली, हे ना कुणी विचारलं ना त्यांनी सांगितलं. आज मी सांगतो. माझ्याकडून. त्यांच्या मनाच्या मोठेपणाचाही मला हेवाच वाटला, कारण त्यांच्या जागी मी असतो तर ती गोष्ट लाल शाईत छापली असती.

त्यानंतर तीन वर्षं मी धायरीला जातो, डिस्क बदलून आणतो, चहा घेतो. त्या तासाबद्दल मी विचारत नाही आणि त्या आपणहून काढत नाहीत. विचारायचं म्हणजे त्यांच्यापुढे हात पसरायचा. पंचाहत्तरीच्या या ग्रंथात सगळ्यांनी त्यांना दीर्घायुष्य चिंतलं असेल. मीही चिंततो, इतरांपेक्षा जास्त कळकळीने आणि निव्वळ स्वार्थाने.

वहिनी, आपण शंभर वर्षं जगा, डोळे-गुडघे धड राहोत. या रविवारी मी सकाळीच येतो. बसची घाई नाही. माझी आई कशी होती, ते मला सांगा.