सोळा भरल्याशिवाय जीप हलत नाही

एका ऑफिसात चार वर्षं काढली की किस्से साठतातच. कुणी मुद्दाम साठवत नाही. टेबलाच्या खणात जुन्या चार्जरच्या वायरी जमतात तसे ते जमतात, आणि एक ओढला की चार बाहेर येतात. माझे बहुतेक किस्से एकाच महिन्यातले आहेत. त्या महिन्यात मला एका जागी बसवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही फारसं बसवत नाही.

आमचं ऑफिस नाशिकच्या अंबडला, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली प्रेस मशीन आपटते, वर आमचे चहाचे कप हलतात. माणसं तीन: टीम लीड मीनल, सुरगाण्याचा हिरामण आणि मी, सदानंद. काम असं, की एका मोठ्या सर्व्हरच्या आत अनेक व्हर्च्युअल मशीन चालवायच्या. सर्व्हरला म्हणायचं होस्ट, आतल्या मशीनला गेस्ट. पाहुणे आणि यजमान, पण भांडणं सासरच्यासारखी.

*

पहिलं भांडण मापावरून झालं. कस्टमरने नवे सर्व्हर घेतले. ते मेमरीचे चौसष्ट केबीचे तुकडे करायचे. या तुकड्याला पेज म्हणतात. गेस्टचं पेज मात्र जुनंच, चार केबीचं. म्हणजे होस्टच्या एका पेजात गेस्टची सोळा बसतात. गेस्टने नको असलेलं एक छोटं पेज परत केलं, की होस्ट आख्खं मोठं पेज रिकामं करून टाकायचा. उरलेल्या पंधरांत गेस्टचं काम चालू असायचं, तेही जायचं. गेस्ट आडवा!

मीनल कस्टमरचा फोन ठेवून म्हणाली, "आपण एक वांगं परत केलं, यांनी भाजीसकट पातेलं नेलं."

संध्याकाळी पुण्याचे मोठे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. "एक महिना देतो. नाही जमलं तर नाशिकचं ऑफिस बंद, तिघांनी पुण्याला यायचं."

मला आणि मीनलला पुणं म्हणजे नुसता वैताग होता. हिरामणचं तसं नव्हतं. त्याची बायको सुरगाण्याला शिक्षिका आहे, मुलगी दुसरीत. तो दर शनिवारी जीपने घरी जातो, तेव्हा पोरगी थांब्यावर येऊन उभी असते. पुण्याहून हे दर आठवड्याला जमणार नव्हतं. त्या दिवशी त्याने रिकामा डबा दोनदा धुतला. मला फार वाईट वाटलं.

*

मला धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी, कुणाला न विचारता, मी टेस्ट सर्व्हरवर होस्टचं पेजही चार केबीचं करून टाकलं. भांडण मिटलं. पण ज्या वेगासाठी कस्टमरने एवढे सर्व्हर घेतले होते, तो वेगच गेला.

मीनलने आकडे बघितले. "टोपी बसेना म्हणून तू डोकं तासलंस," ती म्हणाली. मी निमूटपणे सगळं पूर्ववत केलं.

*

उपाय हिरामणने काढला. "मॅडम, आमच्या सुरगाण्याच्या काशिनाथची जीप सोळा भरल्याशिवाय हलत नाय. आपणबी मोजू. सोळा छोटी पेजं परत आली, तवाच मोठं सोडायचं."

इतकं साधं होतं. तीन दिवस टेस्ट सुरळीत चालली. चौथ्या दिवशी मी येरझाऱ्या घालत असताना माझ्या पायात वायर अडकली आणि सर्व्हर बंद पडला. टेस्ट पुन्हा पहिल्यापासून. मीनलने माझी खुर्ची उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवली आणि म्हणाली, "आजपासून तुझं ऑफिस हे."

पाचव्या दिवशी गेस्ट पुन्हा कोसळला, आणि या वेळी मी तर गॅलरीत होतो.

*

सोमवारी हिरामण उशिरा आला. पाठीवरची बॅग न काढताच म्हणाला, "मॅडम, उतरलेल्याला आपण वजा केलंच नाय."

झालं होतं असं, की त्या सकाळी नाशिकला येताना जीप वाटेत चहाला थांबली होती. काशिनाथने सोळा मोजले, आणि त्यानंतर एक म्हातारी खाली उतरली. जीप तिला सोडूनच निघाली. चार किलोमीटर गेल्यावर कळलं, आणि जीप मागे वळवावी लागली.

आमचंही तेच चाललं होतं. गेस्ट परत दिलेलं पेज मध्येच पुन्हा वापरायला घेत होता, आणि आमची मोजणी त्याला अजून जीपमध्येच धरत होती. मीनलने दुपारपर्यंत दुरुस्ती केली. मी संध्याकाळपर्यंत गॅलरीत येरझाऱ्या घातल्या.

*

शेवटची टेस्ट नेमकी शनिवारी आली. साहेब व्हिडिओवर बसून होते. मीनलने त्यांना जीपसकट सगळं समजावलं. टेस्ट साडेपाचला संपणार होती, आणि पेठ नाक्यावरून शेवटची जीप पाचला सुटते.

पाचला काशिनाथचा फोन आला. हिरामणने स्पीकरवर घेतला.

"हिरामणभाऊ, पंधरा झाले. कुठं हाय तुमी?"

"ऑफिसात. निघता येणार नाय. तुम्ही जा."

"पंधरावर कसा जाऊ?" म्हणून त्याने फोन ठेवला.

साडेपाच झाले, पावणेसहा झाले. पडद्यावर एकदाची टेस्ट पास झाल्याची हिरवी ओळ आली. तेवढ्यात खालून हॉर्न वाजला, एकदा, मग पुन्हा.

"हा आवाज कसला?" साहेबांनी विचारलं.

मी गॅलरीतच होतो. गेटसमोर काशिनाथची जीप उभी होती. पेठ नाका ते अंबड म्हणजे आख्खं शहर ओलांडायचं, तेही सुरगाण्याच्या उलट्या दिशेला. पंधरा जणांना त्याने काय सांगून आणलं, ते आजवर आम्हाला कळलेलं नाही.

"सर," मी आत डोकावून म्हणालो, "सोळाव्यासाठी थांबलेत."

साहेबांनी आणखी एक हॉर्न ऐकून घेतला. मग म्हणाले, "हिरामण, पुण्यात तुमच्यासाठी असं कोणी थांबेल का?"

"नाय, सर."

"मग पुण्याचं राहू द्या. पळा, लोक खोळंबलेत."

हिरामण दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेला. काशिनाथने त्याला आत कोंबलं आणि निघायच्या आधी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पंधराच भरले.

मीनलने मागे वळून बघितलं. एक म्हातारी, बहुधा सोमवारचीच, आमच्या माठाशी उभी राहून शांतपणे पाणी पीत होती.