शेवटच्या वाक्यातलं 'वुई'

ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत इंजिनिअर म्हणून निम्मं आयुष्य गेलं, तरी श्रीनिवासचं 'आपल्याकडे' म्हणजे पुणंच. आपल्याकडे भाजी ताजी मिळते, आपल्याकडे माणसं न सांगता घरी येतात. बायको मेधा इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिने हे मनावर घेणं कधीच सोडलं होतं. मुलगी स्पृहा मात्र ऐकायची. इथेच जन्मलेली पोर ती, आणि हा तिला 'तुम्ही ऑस्ट्रेलियन लोक' म्हणून वर हसायचा. काय म्हणावं या माणसाला!

त्याला नाद अमेरिकन कादंबऱ्यांचा. कुठून कुठून आलेली माणसं त्यात भांडतात, रडतात, आणि शेवटच्या पानापर्यंत 'वुई' म्हणायला लागतात. आधी लेखक तसं लिहितात, मग अख्खा देश तसं बोलतो, असं तो जेवताना मेधाला ऐकवायचा. शिफ्ट नसली की अशाच एका कादंबरीचं तो पुण्याच्या प्रकाशकांसाठी भाषांतर करत होता. सगळं झालं आणि शेवटचं वाक्य अडलं: 'वुई आर होम नाऊ.' इंग्रजीचं काय जातं, एका 'वुई'त भागतं. मराठीत ठरवावं लागतं, आम्ही की आपण? त्याने 'आम्ही घरी पोचलो' असं लिहून टाकलं.

स्पृहा दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटीसाठी पर्थला निघणार होती. बॅग भरता भरता तिने ते वाचलं. मराठी ती अडखळत वाचते, पण हे तिला नेमकं कळलं.

"बाबा, इंग्लिशमध्ये मी या 'वुई'मध्ये होते," ती म्हणाली. "तू मला बाहेर काढलंस."

श्रीनिवासला ते लागलं. पोरगी जाणार आणि हेच मनात घेऊन जाणार.

मेधाची ड्युटी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी स्पृहाला एअरपोर्टवर सोडायला तो एकटाच निघाला. वाटेत गाडीच्या स्पीकरवर प्रकाशकांचा फोन आला. भाषांतर कुठवर आलं ते विचारून झाल्यावर त्यांनी हवापाण्याची चौकशी केली.

"आपल्याकडे नुसती लाल धूळ उडतेय," श्रीनिवास म्हणाला.

प्रकाशक गोंधळले. पुण्यात कुठे धूळ, असं विचारू लागले. स्पृहाने मोबाइल खाली ठेवला आणि बाबाकडे पाहिलं. आपण काय बोलून गेलो ते श्रीनिवासच्या आत्ता ध्यानात आलं.

"पुण्यात नाही हो," तो सावकाश म्हणाला. "आपल्याकडे, कालगुर्लीत. आणि ते शेवटचं वाक्य मी बदलतोय."

"आपण घरी पोचलो," शेजारून स्पृहा म्हणाली, न अडखळता.