बरणीतला घेवडा

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याने, आयुष्यात एक रोप लावलं नाही. नखात माती गेलेली त्यांना खपत नाही. तरी 'बियाणेरक्षक' म्हणून मिरवायचे. पुढच्या खोलीतला सोफा हलवून तिथे काचेच्या बरण्या मांडल्या होत्या, वर दिवे सोडले होते. पाहुणा आला की आधी भाषण, मग पाणी. चहा मिळाला तर नशीब.

त्यातल्या एका बरणीत काळा घेवडा होता. नवं वाण आलं तसा बाकी सगळ्यांनी तो सोडून दिला. भाऊजींच्या थोरल्या बहिणीने, अक्काने, तेवढा धरून ठेवला होता. दरवर्षी परसात लावायची. 'मी जपून ठेवतो' असं भाऊ म्हणाला, म्हणून तिने अर्धं बी विश्वासाने त्याच्या हवाली केलं. यंदा तिच्या परसात पाणी साचलं आणि वेल मुळापासून कुजले. तिच्याजवळचं सगळं बी तेव्हा मातीतच होतं. उरलं ते भावाकडचं.

अक्का आली. म्हणाली, "मूठभर दे रे. वेल धरला की दुप्पट परत करते."

भाऊजींनी तिला जैवविविधतेचं महत्त्व समजावून सांगितलं. हो, तिलाच. मग मला फोटो काढायला उभं केलं आणि जीवावर आल्यासारखं मूठभर बी तिच्या पिशवीत टाकलं.

एकही कोंब फुटला नाही. अक्काने माती उकरून बी काढलं आणि तशीच भावाकडे आली. दाणे जसेच्या तसे होते. फुगलेसुद्धा नव्हते.

"तू याला काय केलंस?"

"काही नाही गं. कीड नको म्हणून ओव्हनमध्ये शेकून घेतलं. मग वार्निशचा एक हात दिला. त्याशिवाय दिव्याखाली उठून दिसेना."

"सगळ्याला?"

"सगळ्या बरण्यांना," भाऊजी म्हणाले. स्वरात अभिमान होता. मला त्या माणसाची किळस आली.

अक्काने दाणे टेबलावर ठेवले आणि निघून गेली. ती परत त्या घरी आली नाही.

आता कुणाला वाटेल, भाऊजी शरमले असतील. छे. आठवड्याच्या आत त्या बरणीखाली नवी पाटी लागली: 'नामशेष वाण. एकमेव नमुना.' हल्ली पाहुण्यांना आधी तीच बरणी दाखवतात. अक्काचा विषय निघाला की सुस्कारा सोडून म्हणतात, "घरच्यांनाच जतनाची किंमत नसते."