आधी घरी, मग कारखान्यात

गाद्यांच्या कारखान्यात यंत्रं आणि संगणकाच्या प्रणाली विकत घ्यायचं काम ज्याच्याकडे होतं, त्याला सगळे पारखी म्हणत. विकणाऱ्यांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. विकणारा कडक इस्त्रीचा शर्ट घालून येतो, बटण दाबतो आणि यंत्र कसं शहाण्या बाळासारखं वागतं. विकणारा गेला, पैसे गेले, की त्याच यंत्राच्या अंगात येतं. नोकरीच्या सुरुवातीला पारखी असाच एकदा फसला होता. गाद्या गुंडाळून बांधणारं एक यंत्र त्याने नुसतं बघून घेतलं, आणि त्या यंत्राने पहिल्याच दिवशी गादीबरोबर हिशेबनीसाचा कोट बांधून गिऱ्हाइकाकडे पाठवून दिला. कोटाच्या खिशात हिशेबनीसाच्या घराची किल्ली होती. तेव्हापासून पारखीने नियम केला, की कुठलीही वस्तू आधी महिनाभर आपल्या घरी वापरायची आणि मगच कारखान्यात आणायची.

नियम चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. घरात माणसं ओल्या हातांनी बटणं दाबतात, सूचना वाचत नाहीत, चिडली की यंत्राला चापट मारतात, आणि कारखान्यातली माणसं काही वेगळी नसतात. वाईट इतकंच, की त्या घरात पारखीची बायको आणि सासूबाईही राहत होत्या.

हजेरीचं यंत्र आलं ते स्वयंपाकघराच्या दाराला लागलं. अंगठा टेकवल्याशिवाय जेवायला आत जायचं नाही. सासूबाईंचा अंगठा जन्मभर भांडी घासून इतका गुळगुळीत झाला होता, की यंत्र त्यांना ओळखेचना. त्या दाराबाहेरून ओरडायच्या, "अगं, मी आलेय गं! सांगा ना याला कुणीतरी!" महिना संपला तेव्हा यंत्राच्या मते सासूबाई त्या घरात एकदाही जेवल्या नव्हत्या, आणि तरीही त्यांचं वजन वाढलं होतं. पारखीने यंत्र परत पाठवलं. कारखान्यात गाद्या शिवणाऱ्या बायकांचे अंगठेही तसेच झिजलेले होते. ते यंत्र तिथे लागलं असतं तर त्यांच्या पगाराचे हालच झाले असते, तेव्हा याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मग तक्रारी नोंदवायची प्रणाली आली. बायकोने नोंदवलं, की न्हाणीघरातला नळ गळतोय. प्रणालीने तिचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी विचारलं, आपण समाधानी आहात का? बायकोने 'नाही' दाबलं. प्रणालीने पुन्हा आभार मानले. शेवटी बायकोनेच सुतळी गुंडाळून नळ थांबवला, आणि प्रणालीने तक्रार वेळेत सोडवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली. पारखीने तीही परत केली. बायकोने कपाळावर हात मारला आणि आपला नवराच असा आहे म्हणून सोडून दिलं.

असं सगळं बरं चाललेलं असताना मालकांच्या डोक्यात नियोजनाच्या प्रणालीचं खूळ शिरलं. कारखान्यात कोण लागतं आणि कोण लागत नाही, हे म्हणे ती आपली आपण सांगते. किंमत ऐकून हिशेबनीस खुर्चीत बसला तो उठेना. मालक म्हणाले, "पारखी, तुम्ही आजवर मला एकदाही खोटं सांगितलेलं नाही. तुम्ही चांगली म्हणालात की घेतलीच समजा."

प्रणाली घरी आली. प्रत्येकाने दिवसभरात काय केलं ते तिला रोज संध्याकाळी सांगायचं होतं. बायकोचं सांगणं बराच वेळ चालायचं. सासूबाई भाजी निवडण्यापासून दळण आणण्यापर्यंत सगळं तिखटमीठ लावून सांगायच्या. पारखी खरं तेच सांगायचा, म्हणून त्याचं लवकर आटपायचं. महिन्याच्या शेवटी पडद्यावर निकाल आला. घरात अनावश्यक व्यक्ती एक. खाली पारखीचा फोटो. ही व्यक्ती कमी करावी, गरज पडल्यास बाहेरून तासावर बोलवावी.

बायको हसून हसून भिंतीला टेकली. सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हेच सांगत होते. पण मी सांगितलं की कटकट, आणि यंत्राने सांगितलं की निकाल!"

पारखी हसला नाही. तो कपाटातून बॅग काढत होता.

"अहो, हे काय?"

"चाचणी अजून पुरी झालेली नाही," तो म्हणाला. "सल्ला नुसता वाचून खराखोटा कसा कळणार? अमलात आणून बघायला हवा. आठवडाभर मी कारखान्यात राहतो, नमुन्यांच्या खोलीत. घर बिघडलं तर प्रणाली चुकीची. नीट चाललं तर बरोबर."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं, मालकांनी विश्वास टाकलाय माझ्यावर."

आणि तो खरंच गेला. मनातून त्याला खात्री होती, की दोनेक दिवसांत घराची दाणादाण उडेल आणि बायको रडवेली होऊन फोन करेल. खात्री कसली, तो त्याची आस लावून बसला होता.

नमुन्यांच्या खोलीत प्रत्येक पलंगावर एक गादी आणि प्रत्येक गादीवर किमतीची चिठ्ठी होती. दिवसा गिऱ्हाइकं यायची. एका जोडप्याने त्याला जरा सरकायला सांगितलं आणि शेजारी आडवं होऊन विचारलं, "ही पाठीला बरी आहे का हो?" पारखीने प्रामाणिकपणे सांगितलं, की नाही, खिडकीजवळची घ्या. त्या आठवड्यात गाद्यांचा खप वाढला. फोन मात्र आला नाही, म्हणून रोज तोच करायचा.

"काही बिघडलं का गं?"

"नाही हो."

"गॅस?"

"आणून लावला."

"आईंच्या गोळ्या?"

"घेतल्या तिने. तुम्ही जेवलात का?"

"ते राहू दे. पंखा आवाज करत होता ना?"

"तेल घातलं. आता नाही करत."

पंख्याचं ऐकून पारखीला रडू आलं. तो कितीतरी दिवस त्या पंख्याला तेल घालणार होता. ज्या घरात आपण नसलो तर पंखासुद्धा सुधारतो, त्या घरात परत कुठल्या तोंडाने जायचं, हे त्याला कळेना. आणि मालकांपुढे खोटं बोलणं तर त्याला जन्मात जमलं नसतं.

आठवडा भरला तशी मालक त्या खोलीत आले. मागून विकणारा आला, बगलेत कराराचे कागद. मालक एका पलंगावर बसले, पेन उघडलं आणि म्हणाले, "बोला, पारखी."

पारखी उभा राहिला. केसांत कापूस अडकलेला, डोळे सुजलेले. "मालक, घर..." एवढंच तो म्हणाला. तेवढ्यात दार ढकलून त्याची बायको आत आली.

"वहिनी, बरं झालं आलात," मालक म्हणाले. "तुम्हीच सांगा. यांच्यावाचून घर कसं चाललं?"

"छान चाललं. वस्तू जिथल्या तिथे, जेवणं वेळेवर, कुणाची भुणभुण नाही. मला भांडायला माणूसच उरलं नाही. काल शेवटी मी पंख्याशी भांडले."

विकणारा खुलला. "म्हणजे आमच्या प्रणालीचा सल्ला बरोबर ठरला!"

"बरोबरच आहे की," बायको म्हणाली. "हा माणूस काही कामाचा नाही, हे मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण मी यांना कामासाठी ठेवलंय, असं तुमच्या यंत्राला कुणी सांगितलं?"

मालकांनी हळूच विकणाऱ्याला विचारलं, "तुमची ही प्रणाली माझ्याबद्दल काय म्हणेल हो?"

"आमची प्रणाली कुणाचाच मुलाहिजा ठेवत नाही, साहेब," विकणारा अभिमानाने म्हणाला.

मालकांनी पेनाला टोपण लावलं. "पारखी, तुमचं मत सांगा. तुमचं मत महत्त्वाचं."

पारखीने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्या केसांतला कापूस काढत होती, चारचौघांत, आणि त्याला लाजही वाटली नाही.

"मालक, प्रणाली अगदी अचूक आहे," तो म्हणाला. "घेऊ नका."

मग त्याने बॅग उचलली आणि तो बायकोच्या मागोमाग घरी गेला.