हेच

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, दुपार. सिंगापूरलगतच्या पुलाउ उबीन बेटाचा धक्का. हजर: मी, माझा नवरा सुहास, आमची मुलगी ईरा आणि नोराताईंची गवती हॅट. हॅट ईराच्या मांडीवर आहे. आम्हाला सोडून बमबोट, इथली लाकडी मोटरहोडी, परत गेली, तिचा फटफट आवाज विरला. समुद्र आज पाणी वाटत नाही, वाळत घातलेलं मोठं राखाडी पातळ वाटतं. थर्मासमध्ये चहा आणलाय, त्यांना लागायचा तसा, काळाकुट्ट होईपर्यंत उकळलेला. या बेटावर आम्ही चौघं सायकली चालवायला यायचो. त्या गेल्यानंतर पहिल्यांदाच आलोय.

शहरातल्या नोव्हेना भागात ज्या क्लिनिकचं ऑफिस मी सांभाळते, तिथे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरवर माझी सहकारी मेलिंग होती. उंच, किंचित वाकलेली, सत्तरीतली गोरी बाई. आडनाव सांगताना म्हणाली, "हेच, ए, जी, ए, एन. हॅगन." मेलिंगने मान वर न करता टाइप केलं. मी मागून सवयीने म्हटलं, "एच." पुण्याच्या शाळेत 'हेच' म्हणणाऱ्याला आमच्या बाई बाकावर उभं करायच्या, ते अंगात मुरलेलं.

त्या गोऱ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आमच्या गावात या एका अक्षरावरून रक्त निघायचं," त्या म्हणाल्या, पाऊस पडेल म्हणावं इतक्या सहज. "तुम्ही खुशाल एच म्हणा. इथे कोणी विचारत नाही."

त्या आमच्या समोरच्याच ब्लॉकमध्ये राहत होत्या. नर्स म्हणून चार देश फिरून इथे आल्या, नवीन नर्सेसना शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. 'मॅडम' म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, म्हणून मी नोराताई म्हणू लागले. का राहिलात, असं कोणीही विचारलं की उत्तर ठरलेलं: "इथे सगळेच हेच म्हणतात." खरंच आहे ते. आमचे सरकारी फ्लॅट एचडीबीचे, पण लिफ्टमध्ये कानावर पडतं ते हेचडीबी. पूर्वी आयरिश नन्स इथल्या शाळांत शिकवायच्या, त्यांनीच हे अक्षर इथे पेरलं, असं नोराताई मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

त्यांचं गाव उत्तर आयर्लंडमधलं, नदीकाठचं. निम्म्या गावाला ब्रिटनबरोबर राहायचं होतं, निम्म्याला एकसंध स्वतंत्र आयर्लंड हवं होतं. रंग एक, कपडे तेच, बटाटेही तेच. मग ओळखायचं कसं? अंधारात अडवून विचारायचं, एबीसी म्हण. ब्रिटनवाल्यांच्या शाळेत एच शिकवत, आयर्लंडवाल्यांच्या शाळेत हेच. "आठव्या अक्षरापर्यंत माणूस कोणाचाच नसतो," नोराताई म्हणायच्या.

एकदा आम्ही त्यांना लिटिल इंडियात वाणसामानाला नेलं. सुहास फळीवरून पिठाची पाकिटं काढून दाखवत होता. "हे?" मी म्हटलं, नाही. "हे?" नाही. "मग हे?" मी म्हटलं, "हेच, हेच!" नोराताई तांदळाच्या पोत्यांपाशी थबकल्या. "तू त्याला काय म्हणालीस?" मी अर्थ सांगितला: दुसरं काही नको, नेमकं हे. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला आणि हसत हसत पोत्यावरच बसल्या. तेव्हापासून त्यांचं मराठी म्हणजे हा एक शब्द. चहा मनासारखा झाला की हेच. उबीनच्या वाटेवर उतार लागला, वारा तोंडावर आला, की पाय पेडलवरून उचलून आरोळी: हेच!

त्यांच्या भावाची गोष्ट त्यांनी याच धक्क्यावर सांगितली. आम्ही डबे खाऊन सुस्तावलो होतो. त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "मला स्वप्न पडतं. मी एबीसी म्हणत चालतेय. जी या अक्षरापर्यंत रस्ता आहे, पुढे नदी."

ओवेन त्यांच्याहून धाकटा, नाचावरून घरी येत होता. तोंडं बांधलेल्या पोरांनी अडवलं. एबीसी म्हण. परक्या वस्तीच्या कडेला होता, त्याला वाटलं, हे पलीकडचे. जीव वाचवायला तो खोटं बोलला, एच म्हणाला. पोरं त्याच्याच बाजूची होती. शत्रू समजून त्यांनी त्याला इतकं मारलं की दवाखान्यात त्याने जीव सोडला.

त्यांतला एक, डर्मट, शेजारचाच. अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात येऊन त्याने नोराताईंपाशी सगळं कबूल केलं. बाहेर मात्र गल्लीने पलीकडच्यांवर ठपका ठेवला, त्यांच्याच घराच्या भिंतीवर ओवेनचा मोठा चेहरा रंगवला, खाली लिहिलं: स्वातंत्र्य. रंगवणाऱ्यांत डर्मटही होता. त्या महिन्यात नोराताईंनी गाव सोडलं.

"बट व्हाय, आंटी?" ईरा इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली. "जस्ट टेल देम लाह."

"आईला मुलगा परत मिळाला नाही, भिंत मिळाली. तीही काढून घेऊ?"

"आई गेल्यावर?" मी विचारलं.

त्यांनी हॅट पुढे ओढली. "त्यानंतर मलाच सवय झाली होती. पण शुभा, त्या भिंतीखाली उभं राहून किती पोरांनी दगड उचलले असतील. माझ्या भावाच्या नावाने. त्याला तर नुसतं घरी यायचं होतं."

मागच्या वर्षी डर्मटचा फोन आला. भिंतीचे पोपडे निघालेत, गल्ली चेहरा नव्याने रंगवणार आहे, नोराताईंकडून चांगला फोटो हवाय. मग तो हळूच म्हणाला, "नोरा, मी म्हातारा झालो. तू हो म्हण, मी सगळ्यांसमोर खरं सांगतो. नाही म्हणालीस, तर रंग देतो." त्याची नातवंडं त्याच गल्लीत राहतात. नोराताईंनी वेळ मागितला. तो म्हणाला, थांबतो. भिंतही थांबली.

मी कामं तुंबू देणारी बाई नाही. दर आठवड्याला विचारायचे, डर्मटचं काय ठरलं? त्या म्हणायच्या, "न्याय मागणं सोपं असतं गं. तो द्यायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं."

मग त्यांना नोव्हेनातल्याच हॉस्पिटलात दाखल केलं. त्यांनीच शिकवलेल्या नर्सेस त्यांची उशी नीट करायच्या आणि त्या चुका काढायच्या. औषधांनी त्या सारख्या कुठेतरी तरंगत असायच्या. एका दुपारी मी खिडकीचा पडदा सरकवत होते, तर मागून स्पष्ट आवाज आला. "शुभा, आज नदी नव्हती. रस्ता पुढे जात होता."

मी जवळ जाऊन बसले.

"डर्मटला तू फोन कर. माझा आवाज त्याने ऐकला तर तो रडेल, मग मी रडेन, आणि काम राहील. तुला कामं येतात."

"काय सांगू?"

त्या हसल्या. "सांग, हेच. तुझ्या भाषेतलंही आणि आमचंही. त्याने खरं बोलावं, दुसरं काही नको. आणि ओवेनने त्या रात्री जे म्हणायचं होतं, ते मी म्हणतेय."

"बाकी?"

"बाकी तुझा चहा पांचट होता."

पहाटे त्या गेल्या. त्यानंतरचं सगळं मी आणि सुहासने केलं. फ्लॅट रिकामा केला, पुस्तकं नर्सिंगच्या मुलींना दिली, सायकल मेलिंगला. राहिलंय ते एकच.

ईराने हॅट डोक्यावर घातली आहे आणि ती धक्क्याच्या टोकाशी पाय सोडून बसली आहे. सुहास म्हणतो, "लाव की आता." डर्मटचा नंबर समोर आहे. पण आपली दुपार कलली तरी तिकडे अजून उजाडलेलं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाला या निरोपासाठी अंधारात उठवायचं नाही, असं मी ठरवलंय. इथली शेवटची होडी सुटायच्या आत तिकडे उजाडेल. तोवर चहा आहे. मी तो शब्द मनात म्हणून बघतेय, सुरुवातीचा ह विसरायला नको म्हणून.