पोलां म्हणजे हळू

नात नवऱ्याला घेऊन आफ्रिकेत सफारीला निघाली आहे. काल तिने फोन माझ्या नाकाशी धरला.

"आज्जी, तू जाऊन आलीस ना? सांग, वण्डी कोणती घेऊ?"

फोनवर तिथल्या वण्ड्यांची, म्हणजे वाहनांची, चित्रं होती. गवतात उतरणारं चिमुकलं विमान, छप्पर वर उचलणारी व्हॅन, चारी बाजूंनी उघडी जीप, पहाटे उडणारा फुगा. सगळ्या वाहनांत माणसं हसतायत, कपडे इस्त्रीचे, धुळीचा कण नाही. बघूनच मला मळमळलं.

आम्ही गेलो तेव्हा मी शाळेतून नुकती निवृत्त झाले होते. जन्मभर भूगोल शिकवलेली बाई! पृथ्वी गोल आहे हे आपणच पहिल्यांदा शोधून काढलं, असा तोरा. साडीखाली पांढरे बूट, डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. आरशात स्वतःकडे बघून ती भूगोलवाली बाई फार खूश होती. आज तो फोटो समोर आला की मी उलटा ठेवते.

जायचं खरं तर ह्यांना होतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत वाढलेला माणूस. हत्ती पाहिला तो देवळाच्या दारातलाच, पायात साखळी, सोंड पसरलेली. शाळेत जाताना डब्यातलं केळं हे रोज त्या हत्तिणीला द्यायचे आणि उपाशी घरी यायचे. "साखळी नसलेला हत्ती एकदा बघायचाय," एवढंच ह्यांचं मागणं होतं. पण कमरेचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन या, पण आदळआपट चालणार नाही. एकदा पाठ धरली तर हत्ती राहिला, आडवे होऊन परत याल. म्हणजे सगळं अडलं होतं वण्डीवर.

मुलगा तेव्हा केनियातच नोकरीला होता. तो म्हणाला, "आई, छोटं विमान घ्या. बाबांना धक्का लागायचा नाही."

भूगोलवाल्या बाईने टोपी सारखी केली. "विमानातून भूगोल दिसत नाही!"

भूगोल कसला डोंबल्याचा! त्या विमानात चढण्याआधी माणसालाही सामानासारखं काट्यावर उभं करतात, हे तिने ऐकलं होतं. चारचौघांत काट्यावर चढण्यापेक्षा तिला रस्ता बरा वाटला.

तर व्हॅन. दार उघडल्याबरोबर वास आला. डिझेल, ओले मोजे आणि आधीच्या कोणीतरी सांडलेलं दूध. सीटच्या फटीत कुणाचं तरी अर्धवट चघळलेलं काहीतरी होतं. मी प्रवासाला नेहमी नेते तसा तूक्कु, आमचा कडीचा स्टीलचा डबा, पुळियोदरै भरून मांडीवर घेतला होता. चिंचेच्या भाताचा तो वास त्या वासात मिसळला, आणि काय झालं ते मी लिहीत नाही, जेवणाची वेळ आहे.

डांबर संपलं आणि खड्डे सुरू झाले. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "आफ्रिकन मसाज!" आणि स्वतःच खदखदून हसला. हा विनोद तो रोज करत असणार. ह्यांचे ओठ पांढरे पडले होते. एका खड्ड्यात हे "अय्यो!" करून ओरडले. ड्रायव्हरने मान वळवली. "पोले, बाबा, पोले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही घरात मराठी बोलतो, पण घाई झाली की तंजावूरच्या माणसाच्या तोंडून तमिळच निघतं. 'पोलां' म्हणजे 'चला, निघूया'. मला वाटलं, कुणा तमिळ पाहुण्याकडून ह्या बाबाने एक शब्द उचललाय आणि कण्हणाऱ्या माणसाला घाई करतोय!

"कसलं पोलां? इथे माणसाची कंबर मोडली!"

तो आणखीच केविलवाणा झाला. "पोले, मामा, पोले."

आणि वर मला मामा!

दुसऱ्या दिवशी ह्यांना सरळ उभं राहता येईना. "आज मुक्कामावरच पडून राहा," मी म्हटलं. "पडायचंच तर वण्डीत पडतो," हे म्हणाले. मग मागच्या सीटवर आडवं केलं, गुडघ्यांखाली उशी दिली आणि निघालो.

आधी सिंह. सिंह कसला, गोगलगाय. नाकावर माश्या घेऊन पडलेला, आणि नव्या बसस्टँडवर रिक्षा तुटून पडतात तशा भोवती व्हॅनच व्हॅन. इंजिनं चालू, धूर सिंहाच्या तोंडावर. टोपीवाले वरून सँडविच खात बघतायत. शी! मी त्या जनावराच्या जागी असते तर एकाला तरी चावले असते. आणि ह्या गर्दीत सगळ्यांत उंच मान कुणाची? आमच्या भूगोलवालीची. बूट घालून सीटवर चढलेली, छपरातून बाहेर आलेली.

तेवढ्यात वायरलेस खरखरला. झाडावर बिबट्या! सगळ्या व्हॅना धूळ उडवत पळाल्या. आमचीही निघाली. बाईच्या अंगात आलं. मागे नवरा पाठ धरून पडलाय हे डोक्यातून गेलंच.

"पोलां! पोलां!"

व्हॅन मंदावली.

"अरे पोलां!" मी छपरावर थाप मारली.

आणखी मंदावली.

"पोलां, पोलां, पोलां!"

त्याने व्हॅन थांबवली, इंजिन बंद केलं आणि वर बघून मोठ्या मायेने म्हणाला, "येस मामा. पोले पोले. बाबांची पाठ."

मी बोलायला तोंड उघडलं आणि पुढच्या सगळ्या वण्ड्यांची धूळ थेट आत गेली. ओकारी आली. खाली बसले, पिशवी सापडेना, हाताला तूक्कु लागला. डोकं आत घातलं.

"अगं," मागून ह्यांचा आवाज. "आली."

"कोण?" मी डब्यातून.

"हत्तीण. खिडकीशी आहे. पाय बघ गं तिचे. काही नाही पायात."

"ओऽऽक!"

"हळू! तिला त्रास होईल."

तिला! बाहेर धप्पकन काहीतरी पडलं, पुन्हा पडलं, आणि त्या शेणाचा ऊन भपका खिडकीतून आत आला. माझं डोकं पुन्हा डब्यात. मागे हे हुंदके देतायत की हसतायत, कळेना. मी तोंड पुसून वर आले तेव्हा एक करडी पाठ, एक शेपूट आणि वाफाळणारा ढीग, एवढंच शिल्लक होतं. ह्यांचा चेहरा मात्र ओला आणि लख्ख.

संध्याकाळी मुक्कामावरच्या माणसाला विचारलं. तिकडे 'पोले' म्हणजे 'वाईट वाटलं हो'. 'पोले पोले' म्हणजे 'हळूहळू'. आणि 'मामा' म्हणजे आई.

परतीला निमूट विमान घेतलं. काट्यावर चढले. काय आकडा आला ते पायलटला माहीत. डोळे उतरेपर्यंत मिटलेले, म्हणजे भूगोल वरूनही दिसला नाही.

हे सगळं मी नातीला सांगत होते तोवर हे काठी टेकत आले. त्यांनी फोनवरची चित्रं चष्मा वर करून पाहिली.

"आज्जीला काय विचारतेस? तिने हत्ती कुठे पाहिलाय! कुठलीही वण्डी घे. ड्रायव्हर पळवायला लागला की आज्जीसारखं ओरड, पोलां म्हणून."

"आणि तूक्कु ने," मी म्हटलं. "रिकामा."